पोर्ट ऑफ स्पेनच्या परसातली चूल

विहीणबाई, काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळच्या एस.टी.नं मी केडगावहून कोल्हारला परत आले, गाईंना वैरण टाकली आणि शैलाची शाळेतली एक अर्धी कोरी वही सापडली ती घेऊन ओट्यावर बसले. आमच्या ह्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस? म्हटलं, विहीणबाईंना. हे उगाच खोकले आणि मळ्यात निघून गेले. बायकोचं डोकं फिरलं असं वाटलं असेल. वाटू दे.

जे लिहायचंय ते आधीच लिहून टाकते, नाहीतर इकडचं-तिकडचं बोलत बसेन आणि नेमकं तेवढंच राहील. दीड वर्षापूर्वी पोर्ट ऑफ स्पेनच्या दवाखान्यात मी तुम्हाला म्हणाले होते की, तुम्ही मला फसवून जेवू घातलंत म्हणून आपलं नातवंड गेलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. ते शब्द परत घ्यायचे म्हणून दीड वर्ष मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिले, आणि तुम्ही काही थांबला नाहीत.

तुमचं-माझं पटलं तरी कधी होतं म्हणा! शैलाच्या लग्नात मी तुम्हाला विहिणीच्या मानाची साडी दिली, जांभळी, मोठ्या काठाची. तुम्ही भर मांडवात तिचा पदर उजेडात धरून बघितलात आणि म्हणालात, "आमच्यात आसल्या पातळाचं पडदं करत्यात." अशी आग झाली होती माझ्या अंगाची! पाय धुताना मुद्दाम गार पाणी ओतलं तुमच्या पायावर, थंडीच्या दिवसांत. तुम्ही पाय तसूभर हलवला नाहीत, वर बघून हसलात. पुढं तीन वर्षं आपण एकमेकींना फक्त "बरं हाय ना" आणि "बरं आहे" एवढंच बोललो. तुमचा अशोक डॉक्टर होऊन, माझ्या शैलाला घेऊन तिकडं पोर्ट ऑफ स्पेनला नोकरीला गेला, तेव्हासुद्धा विमानतळावर आपण दोन खांबांना टेकून रडत होतो, तुम्ही तुमच्या आणि मी माझ्या.

मग बहात्तरच्या फाल्गुनात पत्र आलं. शैलाला दिवस गेलेत, सातवा लागेल, आणि अशोकला सुट्टी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, पण एवढ्या लांबून पोर आणायची कशी? तर माहेरच तिकडं जाणार असं ठरलं. अशोकनं दोन तिकिटं पाठवली, एक मला आणि एक तुम्हाला, कुणा एकीनं तोंड फुगवायला नको म्हणून. वर लिहिलं होतं, मे महिन्यातच या, तिकडचा मोठा नाचगाण्याचा सण उरकलेला असतो, पाहुणे परत गेलेले असतात, पाऊस अजून लागलेला नसतो, गाव मोकळं असतं. मी मनात म्हटलं, गाव मोकळं असून काय उपयोग, ह्या बाईबरोबर दोन महिने एका खोलीत काढायचेत!

आणि माझी दुसरी काळजी तर मी कुणाला सांगितलीच नव्हती. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. आमच्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं. मी शैलाच्या लग्नानंतर केडगावला तीनदा आले आणि तिन्ही वेळा तुमच्या ओट्यावर बसून माझ्या पिशवीतली दशमी खाल्ली, हे तुम्हाला आठवत असेल. पण तिकडं बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी पोचायचं होतं. एवढे दिवस काय खायचं? म्हणून मी ज्वारीचं पीठ, मेतकूट, डाळ-तांदूळ सगळं ट्रंकेत भरलं. आपलं आपण वेगळं शिजवून खाऊ, बाळ झालं की लेकीच्या हातचा पहिला घास घेऊ, असा माझा बेत.

तो बेत तिकडच्या विमानतळावरच मोडला. तिथल्या तपासणीच्या साहेबानं माझी ट्रंक उघडली आणि पीठ, डाळ, तांदूळ सगळं काढून बाजूला ठेवलं. मी रडायच्या घाईला आले. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवलात आणि सरळ त्याच्यावर बसलात. "ह्याला हात लावायचा न्हाई, बाळंतिणीचं हाय," म्हणालात आणि दोन्ही हातांनी एवढं मोठं पोट करून दाखवलंत. मागची सगळी रांग हसायला लागली. साहेबही हसला आणि त्यानं हात केला, जा म्हणून. मला मनातून इतका राग आला तुमचा! माझं सगळं गेलं आणि ही डब्यावर बसून निघून गेली.

घरी पोचलो. शैलानं ताटं मांडली. भात, वरण, कसलीशी मासळी. नऊ महिन्यांचं पोट घेऊन पोरगी वाढत होती आणि मी म्हणाले, मला भूक नाही. दुसऱ्या दिवशीही भूक नाही. प्रवासाला घेतलेला मूठभर चिवडा उरला होता, तो खात होते आणि कोपऱ्यावर शहाळंवाला उभा असायचा त्याचं पाणी पीत होते. शैलाला कळत होतं, ती रडत होती, अशोक चिडत होता. "आई, हे काय चाललंय, कुठल्या काळात आहात तुम्ही?" मी ऐकलं नाही. तीन महिन्यांपूर्वीच आमच्या भावकीतल्या एका पोरीचं मूल गेलं होतं आणि सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, तिची आई जेवली होती ना तिथं संक्रांतीला. भीती काय ती एकदा बसली की बसलीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्या उशाशी येऊन उभ्या राहिलात. "उठा इहीनबाई. चला माज्या मागं."

मागच्या दारी कुंपण होतं, त्यात एक फळी सैल. ती सरकवून तुम्ही मला शेजारच्या परसात नेलंत. तिथं आंब्याखाली मातीची चूल, चक्क आपल्यासारखी, आणि चुलीपाशी फ्रॉक घातलेली, डोक्यावर ओढणी घेतलेली साठीची बाई. तीच दुलारी. तिचा आजा ऊस तोडायला म्हणून कलकत्त्याहून बोटीनं आला होता आणि परत गेला नाही. तिला आपलं बोलणं कळत नव्हतं आणि आपल्याला तिचं, पण तिला चुल्हा कळत होता, तवा कळत होता, भाजी कळत होती, आणि तिची नातवंडं तिला आजी म्हणत होती. तुम्ही दोन दिवसांत एवढ्या भांडवलावर तिच्याशी मैत्री करून बसला होतात.

"आता ऐका," तुम्ही म्हणालात. "चूल दुलारीची. लाकूड दुलारीचं. पीठ पारनेरचं, माज्या भावानं दिलेलं, म्हंजे माज्या म्हायेरचं. आन् हात माजे. ह्यात तुमच्या लेकीच्या घरचं काय हाय, दाखवा मला."

मी म्हटलं, "पण काही होणार नाही ना?"

"देवाला दुसरी कामं न्हाईत व्हय, तुमचं ताट बघत बसायला? बसा गप."

आणि तुम्ही भाकरी थापलीत. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, आंब्याखाली, मे महिन्याच्या उन्हात. ती फुगली तशी दुलारीनं टाळ्या वाजवल्या. मी पहिला घास घेतला आणि मला हुंदकाच आला. तुम्ही तिकडं बघितलंच नाहीत. "तिखट लागलं वाटतं," एवढंच म्हणालात आणि दुसरी थापायला घेतलीत.

त्या दिवसापासून आपलं रोज दुपारचं जेवण तिथं. लग्नातल्या साडीचा विषय मीच काढला एकदा. तुम्ही म्हणालात, "आवो, पातळ चांगलंच हुतं. पन माज्या लग्नात माज्या आईनं दिल्यालं पातळ माज्या सासूनं आसंच उजेडात धरलं हुतं. मला वाटलं, आता माजी पाळी." आणि इतक्या हसलात की ठसका लागला. मी म्हटलं, "मग गार पाण्याचं माझ्याकडून फिटलं." "फिटलं कसलं, पाय आखडलं हुतं माजं दोन दिस!"

सकाळी उन्हं तापायच्या आत आपण फिरायला जायचो. शैलाला चालवायला सांगितलं होतं. गावाच्या मधोमध ते केवढंतरी मैदान आणि कडेनं झाडं, एक पान नाही, सगळी पिवळीधमक फुलं. खाली सडा पडलेला. गाव कसं, लग्न उरकून वऱ्हाड गेल्यावर मांडव असतो ना, तसं होतं. मोठमोठ्या हॉटेलांच्या अर्ध्या खिडक्या बंद. धक्क्यावर टॅक्सीवाले टॅक्सीला टेकून पेंगत होते, टोप्या-टोपल्या विकणाऱ्या बायकांना गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून तर त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ होता! तुम्ही मराठीत, त्या त्यांच्या बोलीत, आणि दोघींचं चाललेलं. बाजारात कारली बघून तुम्ही "कारलं" म्हणालात, बाई "करायली" म्हणाली, आणि तुम्ही मला कोपर मारलंत, "बघा, आपलीच हाय ही."

समुद्र बघायला नेलं अशोकनं. तुम्ही डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलंत. मग म्हणालात, "येवढं पानी. आन् पारनेरला माजी भावजय घागरीसाठी कोसभर जाती." आदल्या सालीही तुमच्याकडं पाऊस झाला नव्हता. पदरानं डोळे पुसलेत आणि शैलाचा हात धरून परत फिरलात.

हे सगळं मी का लिहितेय? कारण नंतर दीड वर्ष मी हे सगळं विसरल्यासारखं केलं. त्या तीन आठवड्यांएवढं सुख मला कुठल्याच मैत्रिणीनं दिलं नव्हतं विहीणबाई, आणि मी ते एका वाक्यानं मोडलं.

आता पिठाचं सांगते. तुमचा डबा काही अक्षय नव्हता. बाराव्या-तेराव्या दिवशी ज्वारीचं पीठ संपलं. दुसऱ्या दिवशी तव्यावर पांढऱ्या पिठाच्या पोळ्या आल्या. मी विचारलं, हे कुठलं? तुम्ही म्हणालात, "दुलारीनं दिलं." मी जेवले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला उठले, म्हणजे माझं शहाळं घ्यायला, तर तुम्ही शैलाच्या स्वयंपाकघरात तिच्या पिठाच्या पोत्यातून तुमचा डबा भरत होतात. पाठमोऱ्या होतात. वाटीनं भरत होतात, आवाज होऊ नये म्हणून. दुलारीच्या घरात खाणारी आठ तोंडं, रोज कोण कुणाकडं मागणार? मी दारातून तशीच मागं फिरले.

तुम्हाला वाटत राहिलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं. मी बघितलं होतं. आणि दुपारी मी सैल फळी सरकवून आले, बसले आणि तीन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही खाल्ल्या, तिसऱ्या दिवशीही. भूक लागत होती म्हणून खाल्ल्या, आणि खोटं कशाला बोलू, तुमच्याबरोबर बसणं सुटू नये म्हणूनही खाल्ल्या. रीत मी मोडली, डोळे उघडे ठेवून मोडली. तुम्ही फक्त पीठ भरलंत.

शैलाला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळ होती. दवाखान्यात आपल्याला बाहेरच बसवलं. दुपारी बाराच्या सुमाराला अशोक बाहेर आला. तो डॉक्टरसारखा आला नाही, तुमच्या लेकरासारखा आला, तेव्हाच मला कळलं. मुलगा होता. नाळेचा फास बसला होता गळ्याला. कुणाचा काही दोष नाही, अशोक पुन्हा पुन्हा सांगत होता, आई, हे कुणाच्या हातात नसतं. मग नर्सनं पांढऱ्या कपड्यात गुंडाळून बाळ आणलं, बघायचं असेल तर बघा म्हणून. माझे हात उचललेच नाहीत. तुम्ही पुढं झालात. तुम्ही त्याला घेतलंत, कपडा जरा बाजूला केलात, त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवलात आणि मला म्हणालात, "इहीनबाई, बघा तरी. नाक तुमच्याकडचं हाय."

आणि तेव्हा मी ते बोलले. बाळ तुमच्या हातात असताना बोलले. "लेकीच्या घरचं पीठ फसवून खाऊ घातलंत मला. तुमच्या त्या चुलीनं खाल्लं माझं नातवंड."

तुम्ही भांडायला पाहिजे होतं हो! मांडवात साडी उजेडात धरणारी बाई तुम्ही, डब्यावर ठाण मांडून साहेबाला हटवणारी. मला दोन थोबाडीत मारायला पाहिजे होत्या. तुम्ही फक्त म्हणालात, "आसं म्हनता?" मग बाळाकडं बघितलंत, कपडा नीट केलात आणि त्याला नर्सच्या हातात परत दिलंत. सावकाश दिलंत, जागं होणार नाही अशा बेतानं.

त्यानंतर तिथं महिनाभर होतो आपण. शैलाचं दूध सुकेना, पोरगी तळमळायची. तुम्ही तिचं पोट बांधलंत, तिचं अंग चोळलंत, तिच्या पायाशी बसून राहिलात. पण चुलीपाशी फिरकला नाहीत. शैलासाठी पेज दुलारी करून द्यायची, कुंपणावरून. मला वाटलं, रागावलात. मी म्हटलं, रागावू दे, आपण का मागं यायचं? शोकातसुद्धा माणूस किती हलकटपणा करू शकतं ते मी तेव्हा शिकले. परतीच्या विमानात तुम्ही माझ्या शेजारी होतात. मला तो कमरेचा पट्टा लावता येईना, तुम्ही वाकून लावून दिलात.  

इथं आलो तर पाऊसच नव्हता. ते साल कसं गेलं ते तुम्हाला काय सांगायचं, पारनेरच्या लेकीला! मला आयतं निमित्त मिळालं. विहिरीला पाणी नाही, जनावरांची छावणी, ऊस वाळला, कशी येऊ केडगावला? तुमचा निरोप आला की हेच कळवायचे. दोन लग्नांत भेट झाली. तुम्ही लांबून हात जोडलेत, मी लांबून मान हलवली.

पुढच्या साली दसऱ्याआधी अशोक-शैला कायमची परत आली. अशोकनं केडगावलाच दवाखाना काढला. शैलाला पुन्हा दिवस होते. दिवाळीला ती माझ्याकडं आली तेव्हा सहज म्हणाली, स्वयंपाक सगळा मीच करते, सासूबाई चुलीपाशी येत नाहीत. आणि मी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, "बरोबर आहे, सून हाताशी आली, आता कशाला हलतायत बाईसाहेब."  शैला काहीतरी सांगणार होती. मी ताटं उचलायला उठले.

मग पौषात तुमचा शेवटचा निरोप. व्याह्यांनी चिठ्ठी लिहिली होती, ही म्हणते एकदा येऊन जा, बोलायचंय, तब्येत बरी नाही. मी म्हटलं, संक्रांत झाली की जाऊ. वाण घेऊन जाऊ, त्या निमित्तानं बोलू. संक्रांतीला दोन दिवस असताना तुम्ही गेलात.

दहाव्याला मी आले. नदीवरचं उरकल्यावर शैलानं मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. तेव्हा मला कळलं.

तिकडून आल्यापासून तुम्ही कुणासाठी अन्न शिजवलं नाहीत. शेजारच्या भागीच्या डोहाळजेवणाला सगळ्या बायका पुरण वाटत होत्या आणि तुम्ही ओसरीच्या टोकाला बसून राहिलात, परातीला हात लावला नाहीत. भागीनं ओढायला हात धरला तर म्हणालात, "माजा हात नगं ग बाई. माज्या हाताला दोष हाय." शैला घरी आल्यावर तिच्या पाण्याच्या तांब्यालासुद्धा तुम्ही शिवायचा नाहीत. जेवणाच्या वेळेला उठून बाहेर जायचात, आपली सावली ताटावर नको म्हणून. अशोक रागावला, समजावून थकला. डॉक्टर लेक सांगतोय ते पटलं नाही आणि माझं एक वाक्य पटलं! देवाला दुसरी कामं नाहीत व्हय, असं मला सांगणारी बाई तुम्ही. तुम्ही कशा विश्वास ठेवलात माझ्यावर?

मी शैलाला विचारलं, त्यांना माझ्याशी काय बोलायचं होतं?  ती म्हणाली, "आई, त्यांना तुला एवढंच विचारायचं होतं. बाळ झालं की ते मी हातात घेतलं तर चालेल का, असं विहीणबाईंना विचारते म्हणायच्या. त्या नको म्हणाल्या तर लांबून बघीन."

विहीणबाई, मी तिथं खाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.  तुम्ही माझी परवानगी मागणार होतात. माझी! जिनं त्या पहिल्या बाळाला, जिवंत नाही तर नाही, मेलेलंसुद्धा हातात घेतलं नाही, तिची.

काल तेराव्याला पंगत बसली. व्याही माझ्यापाशी आले, बिचारे वाळलेत हो फार, आणि हळूच म्हणाले, "तुमचं पान शेजारी भागीकडं मांडलंय. ही सांगून गेलीय, कोल्हारच्या इहीनबाईंचं पान आपल्यात मांडू नका, सुनेला दिस हायेत." जाताजातासुद्धा तुम्ही माझी सोय लावून गेला होतात.

मी म्हटलं, "नाही. माझं पान इथं मांडा." व्याह्यांना कळेना. बायकांची कुजबुज सुरू झाली, आमच्या भावकीतलीही एक होती, ती म्हणाली, "अगं, पोरीला सहावा चालू आहे." मी उभीच होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले. म्हटलं, तिकडं आठवडाभर मी लेकीच्या घरचं पीठ खाल्लं. मला माहीत होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि खाल्लं. सगुणाबाईंनी मला फसवलं नाही. मी त्यांच्यावर ढकललं, कारण त्या जवळ उभ्या होत्या. तुमचं नाव मी पहिल्यांदा घेतलं काल. एरवी ते फक्त तुमच्या पासपोर्टावर वाचलं होतं.

अशोक दारात उभा होता. तो तसाच आत निघून गेला. त्याला माझं तोंड बघवलं नसेल. त्याचं बरोबर आहे.

पान मांडलं. शैला स्वतः वाढायला आली, एवढं पोट घेऊन. भात, आमटी, गव्हाची खीर. तुम्हाला खरं सांगते, मला भीती वाटत होती. एवढं सगळं बोलून झाल्यावरही वाटत होती. तिच्या पोटाकडं बघायचं टाळत होते. पहिला घास पानातच सांडला. मग दुसरा उचलला आणि खाल्ला. सगळं पान संपवलं, खिरीसकट. शैलानं विचारलं, आई, अजून वाढू? तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, वाढ.

तुम्ही जो प्रश्न विचारणार होतात त्याचं उत्तर द्यायला मी उशिरा आले, विहीणबाई. उत्तर एवढंच होतं: घ्या. माझ्याआधी तुम्ही घ्या.